डब्यात साखर आहे: ‘कंटेन’, ‘इन्क्लूड’ आणि त्यांची भावकी

काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका बचत गटाला गोड्या मसाल्याच्या पाकिटावर इंग्रजी मजकूर हवा होता. मी ऐटीत लिहून दिलं, ‘धिस मसाला इन्क्लूड्स कोरिअँडर, ड्राय कोकोनट, सेसमी अँड स्टोन फ्लॉवर.’ स्टिकर छापून आले, पाकिटं बाजारात गेली. आठवड्याभरात गटातल्या ताईंचा फोन आला. “दादा, पुण्याहून एक बाई विचारतायत. इन्क्लूड्स लिहिलंय म्हणजे अजूनही काहीतरी आहे ना? शेंगदाणे आहेत का त्यात? त्यांच्या मुलाला चालत नाहीत.”

बाईंनी अगदी बरोबर वाचलं होतं. चुकलो मी होतो. ‘इन्क्लूड्स’ दिसलं की इंग्रजी वाचणारा समजतो, यादी अर्धी आहे. आपल्याला हे खटकत नाही, कारण शाळेतल्या शब्दार्थाच्या वहीत ‘इन्क्लूड’, ‘कंटेन’, ‘कन्सिस्ट’ या तिघांपुढे एकच अर्थ लिहिलेला असतो: समावेश असणे. तीन शब्दांना एक अर्थ देऊन मोकळं झालं की पुढे आयुष्यभर हाताला येईल तो शब्द ठोकून द्यायचा. तो गुंता कसा सोडवायचा, ते क्रमाने बघू.

पहिली पायरी: वाक्य उलटं करा

‘डब्यात साखर आहे.’ मराठीत डब्याला ‘-त’ लागला की काम झालं. साखर असते, डबा नुसता जागा देतो. इंग्रजीतही ‘देअर इज शुगर इन द टिन’ म्हणता येतं आणि ते चूक नाही. पण लिहिताना इंग्रजीला डब्यालाच कर्ता करायला आवडतं: ‘द टिन कंटेन्स शुगर.’ म्हणजे साखर धरून ठेवण्याचं काम डबा करतो. मराठीत ‘डबा साखर धरतो’ कुणी म्हणणार नाही, म्हणूनच ही रचना आपल्याला आपणहून सुचत नाही.

तेव्हा ‘-त’ किंवा ‘-मध्ये’ लागलेला शब्द उचलायचा, प्रत्यय काढायचा, वाक्याच्या तोंडाशी कर्ता म्हणून बसवायचा आणि मग क्रियापद शोधायचं. ‘या पुस्तकात बारा धडे आहेत’ याचं ‘धिस बुक कंटेन्स ट्वेल्व्ह लेसन्स.’ ‘या नोकरीत फिरती आहे’ याचं ‘द जॉब इन्व्हॉल्व्ह्ज ट्रॅव्हल.’ ‘विम्यात अपघात येतो’ याचं ‘द पॉलिसी कव्हर्स अ‍ॅक्सिडेंट्स.’ मराठीत तिन्हीकडे ‘-त’ आहे, इंग्रजीत तीन वेगळी क्रियापदं आली. वस्तू आत असेल तर ‘कंटेन’, कामाबरोबर एखादी गोष्ट ओघाने येत असेल तर ‘इन्व्हॉल्व्ह’, आणि नियम, विमा, अभ्यासक्रम यांच्या कक्षेत येत असेल तर ‘कव्हर’. परीक्षेचा ‘पोर्शन’ सरांनी ‘कव्हर’ केला असं आपण मराठीतही म्हणतोच.

इथे एक सावधगिरी हवी. उलटं करायची गोडी लागली की माणूस ‘माय पॉकेट कंटेन्स मनी’ म्हणू लागतो. व्याकरण ठीक आहे, पण पंचनामा वाचल्यासारखं वाटतं. ‘कंटेन’ हा पाकिटावरचा, अहवालातला शब्द आहे. बोलताना ‘हॅव’ पुरतं: ‘द टी हॅज जिंजर इन इट.’ माणसांसाठी तर ‘कंटेन’ नकोच. ‘माय फॅमिली कंटेन्स फाइव्ह मेंबर्स’ ऐकलं की पाच जणांना बरणीत भरून झाकण लावलेलं डोळ्यांसमोर येतं. ‘देअर आर फाइव्ह ऑफ अस’ म्हणावं.

दुसरी पायरी: यादी पुरी की अर्धी?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि पैशाचं, कायद्याचं नुकसानही इथेच होतं. क्रियापद निवडण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: मी सगळं सांगतोय की काही?

काही सांगत असाल तर ‘इन्क्लूड’. सगळं सांगत असाल तर ‘कन्सिस्ट ऑफ’, ‘बी मेड अप ऑफ’ किंवा ‘कंप्राइज’. ‘कंटेन’ याबाबतीत तटस्थ आहे. आत आहे एवढंच तो सांगतो, आणखी काय आहे याबद्दल बोलत नाही.

उदाहरणाला आपला कोकण महसूल विभाग घेऊ. त्यात सात जिल्हे आहेत: मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. ‘द कोकण डिव्हिजन कन्सिस्ट्स ऑफ सेव्हन डिस्ट्रिक्ट्स’ हे बरोबर. ‘द कोकण डिव्हिजन इन्क्लूड्स रत्नागिरी अँड सिंधुदुर्ग’ हेही बरोबर, कारण दोनच नावं घेतली तरी बाकीची पाच कुठे गेली नाहीत. पण ‘द कोकण डिव्हिजन कन्सिस्ट्स ऑफ रत्नागिरी अँड सिंधुदुर्ग’ असं लिहिलंत तर एका वाक्यात पाच जिल्हे नकाशावरून पुसलेत.

यातूनच एक बारीकसा नियम निघतो. ‘इन्क्लूड्स’ लिहून शेवटी ‘एटसेट्रा’ लावू नका. यादी अर्धी आहे हे ‘इन्क्लूड्स’ने आधीच सांगितलेलं असतं. आपल्याकडच्या निविदा आणि माहितीपत्रकांत ही जोडगोळी हमखास भेटते.

कायद्याच्या भाषेत हा फरक फार ताणला जातो. व्याख्या करताना ‘मीन्स’ वापरलं तर कुंपण पक्कं झालं, जे लिहिलंय तेवढंच. ‘इन्क्लूड्स’ वापरलं तर फाटक उघडं राहिलं. ‘मीन्स अँड इन्क्लूड्स’ असं जोडून आलं की न्यायालयं साधारणपणे यादी पुरी धरतात. संविधानाच्या अनुच्छेद १२मध्ये ‘स्टेट’ची व्याख्या ‘इन्क्लूड्स’ने केली आहे: केंद्र सरकार, संसद, राज्य सरकारं, विधिमंडळं, स्थानिक संस्था आणि ‘अदर ऑथॉरिटीज’. या शेवटच्या दोन शब्दांत कोण बसतं, यावर वर्षानुवर्षं खटले चालले. राजस्थानच्या वीज मंडळाच्या १९६७च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मंडळही ‘स्टेट’मध्ये येतं असं ठरवलं. भाडेकरार किंवा नोकरीचा करार वाचताना ‘इन्क्लूड्स’ दिसला की मीही थांबतो आणि विचारतो, अजून काय काय?

तिसरी पायरी: आधी कोण येणार, अख्खं की तुकडे?

अख्खी वस्तू आधी येणार असेल तर ‘कन्सिस्ट ऑफ’ आणि ‘कंप्राइज’. तुकडे आधी येणार असतील तर ‘मेक अप’ आणि ‘कॉन्स्टिट्यूट’. ‘द डिव्हिजन कंप्राइझेस सेव्हन डिस्ट्रिक्ट्स’, पण ‘सेव्हन डिस्ट्रिक्ट्स मेक अप द डिव्हिजन’. ‘कॉन्स्टिट्यूट’ म्हणजे जुळवून उभं करणं, आणि ‘कॉन्स्टिट्यूशन’ हा शब्द त्यातूनच आलेला. मतदारसंघाला ‘कॉन्स्टिट्युएन्सी’ म्हणतात, तीही याच घरातली.

‘कंप्राइज’वर थोडं थांबू, कारण हा शब्द भांडखोर आहे. त्याच्यामागे ‘ऑफ’ लागत नाही, असं जुने व्याकरणवाले सांगतात. तरी ‘इज कंप्राइज्ड ऑफ’ हे रूप छापील इंग्रजीत ढिगाने सापडतं आणि बरेच शब्दकोश आता ते नोंदवतातही. ते दिसलं की चिडणारे लोक आहेत, तसं बिनदिक्कत लिहिणारेही आहेत. नवशिक्याने त्या वादात पडू नये. पहिलं वर्षभर ‘कंप्राइज’ फक्त वाचावा, लिहिताना ‘कन्सिस्ट ऑफ’ किंवा ‘बी मेड अप ऑफ’वर भागवावं. परीक्षकापासून साहेबापर्यंत कुणाचीच त्याला हरकत नसते.

‘कम्पोज’ याच अर्थाने आला तर तो बहुतेक वेळा कर्मणी रूपातच येतो: ‘वॉटर इज कम्पोज्ड ऑफ हायड्रोजन अँड ऑक्सिजन.’ ‘कन्सिस्ट’ त्याच्या बरोबर उलट, तो कर्मणी होतच नाही. ‘इज कन्सिस्टेड ऑफ’ असं काही नसतं. त्याचा ‘ऑफ’ मात्र सोडायचा नाही. ‘द कमिटी कन्सिस्ट्स सेव्हन मेंबर्स’ हे वाक्य लंगडतं.

आणि हे सगळे शब्द स्थिती सांगतात, चालू क्रिया नव्हे. म्हणून ‘धिस बॉक्स इज कंटेनिंग’, ‘द फी इज इन्क्लूडिंग’ असं म्हणायचं नाही. आपल्या ‘आहे’ची सावली इंग्रजीवर पडते आणि हा ‘इज’ कुठूनतरी येऊन चिकटतो. ‘द बॉक्स कंटेन्स’, ‘द फी इन्क्लूड्स’, संपलं.

मध्येच: ‘मावणे’ला इंग्रजी शब्द कोणता?

एक नाही. तांब्यात किती पाणी मावतं आणि आत्ता किती आहे, या दोन गोष्टी वेगळ्या. ‘द पॉट होल्ड्स अ लिटर’ म्हणजे लिटरभर मावतं, भले तो आत्ता कोरडा असो. ‘द पॉट कंटेन्स हाफ अ लिटर’ म्हणजे आत्ता अर्धा लिटर आहे. क्षमतेसाठी ‘होल्ड’, प्रत्यक्षासाठी ‘कंटेन’.

पिशवीत डबा मावत नसेल तर ‘इट वोन्ट फिट इन द बॅग’. आपण ‘बसत नाही’ म्हणतो म्हणून ‘इट इज नॉट सिटिंग इन द बॅग’ म्हणणारे मला भेटले आहेत, आणि मी एकेकाळी त्यांच्यातलाच होतो. गंमत म्हणजे माणसांच्या बाबतीत इंग्रजीसुद्धा ‘बसणं’च वापरतं: ‘द कार सीट्स फाइव्ह’, गाडीत पाच जण बसतात. खोलीत चौघं झोपू शकत असतील तर ‘द रूम स्लीप्स फोर’. खोली झोपत नाही, माणसं झोपतात, पण कर्ता खोलीच. जाहिरातीत, अर्जात हेच जरा भारदस्त करून ‘अकॉमोडेट’ म्हणतात. त्याच्या स्पेलिंगमध्ये सी दोन आणि एमही दोन. सरकारी पाट्यांवरही त्यातला एक एम गळालेला दिसतो.

‘कंटेन’चा दुसरा चेहरा

लॅटिनमध्ये ‘टेनेरे’ म्हणजे धरणं. ‘कंटेन’ म्हणजे एकत्र धरून ठेवणं. भाडेकरूचा ‘टेनंट’ आणि देखभालीचा ‘मेन्टेन’ याच मुळाचे. ‘इन्क्लूड’ वेगळ्या घरातून आला: ‘क्लाउडेरे’ म्हणजे बंद करणं, तेव्हा ‘इन्क्लूड’ म्हणजे दार लावताना तुम्हाला आत घेणं आणि ‘एक्स्क्लूड’ म्हणजे बाहेर ठेवून दार लावणं. ही दोन चित्रं डोळ्यांसमोर ठेवली की अर्धं काम होतं. डबा साखर धरून ठेवतो. यादी कुणाला आत घेते, कुणाला बाहेर ठेवते.

धरून ठेवणं म्हणजेच आवरणं. म्हणून ‘शी कुड नॉट कंटेन हर लाफ्टर’ म्हणजे तिला हसू आवरेना. आपल्याकडे आनंद गगनात मावत नाही, इंग्रजीत माणूसच स्वतःला ‘कंटेन’ करू शकत नाही. २०२०मध्ये गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधून ‘कंटेनमेंट झोन’चा फलक लागला, तोही याच अर्थाने: रोग आत अडवून धरायचा. कॅलिफोर्नियातल्या वणव्याची बातमी वाचताना ‘सिक्स्टी पर्सेंट कंटेन्ड’ दिसलं तर साठ टक्के आग विझली असं समजू नका. आगीच्या एकूण परिघापैकी साठ टक्के भागाला आग ओलांडणार नाही अशी रेषा आखून झाली, एवढाच त्याचा अर्थ. आत जंगल अजून धडाडून पेटलेलं असू शकतं.

न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यावर रोज दिसणारा कंटेनर तर ओळखीचाच. त्या मालाच्या कागदपत्रांत एक मजेशीर शब्दप्रयोग असतो, ‘सेड टू कंटेन’. म्हणजे पाठवणाऱ्याने सांगितलंय की आत अमुक खोकी आहेत, जहाज कंपनीने काही उघडून मोजलेली नाहीत. एवढ्या तीन शब्दांत कंपनी हात झटकून मोकळी होते. आयात-निर्यातीच्या कामाला नव्याने लागणाऱ्याने हा शब्दप्रयोग पहिल्याच दिवशी वहीत लिहावा.

चौथी पायरी: ‘धरून’ आणि ‘सोडून’

‘मला धरून पाच जण’ याचं ‘फाइव्ह पीपल, इन्क्लूडिंग मी’. ‘मला सोडून’ याचं ‘एक्स्क्लूडिंग मी’. इतकं सोपं. पण पैसे आणि तारखा आल्या की डोकं शांत ठेवावं लागतं.

आधी पैसे. वस्तूच्या पाकिटावर एमआरपीपुढे ‘इन्क्लुझिव्ह ऑफ ऑल टॅक्सेस’ असतं, म्हणजे कर त्यातच धरलेला आहे. दुकानदार त्यावर वेगळा जीएसटी लावू शकत नाही. सेवांच्या दरपत्रकात मात्र ‘एक्स्क्लुझिव्ह ऑफ जीएसटी’ किंवा ‘टॅक्सेस एक्स्ट्रा’ असू शकतं. जाहिरातींनी ‘एक्स्क्लुझिव्ह’चा अर्थ ‘एकदम खास’ असा डोक्यात भरवलाय, त्यामुळे कोटेशनमध्ये हा शब्द वाचून खूश होणारे असतात. तिथे त्याचा अर्थ ‘वगळून’ एवढाच.

आता हिशेब. ‘इन्क्लुझिव्ह’ किंमत ११८० रुपये आणि कर १८ टक्के असेल, तर मूळ किंमत काढायला ११८०मधून १८ टक्के वजा करायचे नाहीत. तसं केलंत तर ९६७ रुपये ६० पैसे येतात, आणि ते चूक. ११८०ला ११८ने भागा, १००ने गुणा, १००० येतील. कर मूळ किमतीवर लागला होता, एकूण रकमेवर नव्हे.

मग तारखा. ‘फ्रॉम १२ मे टू १६ मे’ अशी रजा मागितली तर १६ तारखेला तुम्ही कामावर आहात की घरी? मराठीत ‘१६ मेपर्यंत’ म्हटलं तरी हाच घोळ होतो. म्हणून अर्जात ‘बोथ डेज इन्क्लुझिव्ह’ जोडतात: पाच दिवस रजा, वाद नाही. अमेरिकेत याच कामाला ‘थ्रू’ वापरतात. ‘मंडे थ्रू फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार धरून. तिकडच्या टीमबरोबर काम करणाऱ्यांनी हा ‘थ्रू’ लक्षात ठेवावा.

प्रवासाला निघालात तर हॉटेलच्या दरपत्रकात चार लघुरूपं भेटतील. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. ‘ब्रेकफास्ट इन्क्लूडेड’ असं कुणी फोनवर सांगितलं तरी ‘फॉर हाउ मेनी पीपल?’ हे विचारून घ्या. आम्ही तिघं गेलो होतो, नाश्ता दोघांचा निघाला आणि तिसऱ्याच्या पोह्यांचं बिल वेगळं आलं. पोहे मात्र चांगले होते.

पत्राचं थोडक्यात सांगतो. लिफाफ्यात कागद सोबत घातला असेल तर ‘एन्क्लोज्ड’, ईमेलला जोडला असेल तर ‘अटॅच्ड’. आणि ‘कॉन्टेन्ट’च्या उच्चारात जोर पहिल्या भागावर असेल तर आतला मजकूर किंवा प्रमाण, दुसऱ्या भागावर असेल तर समाधानी. पुस्तकाची अनुक्रमणिका मात्र नेहमी अनेकवचनी, ‘कॉन्टेन्ट्स’.

पाचवी पायरी: स्वयंपाकघरात सराव

घरातलं कुठलंही बिस्किटाचं पाकीट उलटं करून धरा. त्याच्याइतकं चांगलं पाठ्यपुस्तक नाही. ‘इन्ग्रेडियंट्स’खाली जिन्नसांची पूर्ण यादी असते, जास्त वजनाचा आधी, कमी वजनाचा नंतर. साखर पहिल्या-दुसऱ्या नंबरला दिसली की काय ते समजावं. त्याखाली ‘कंटेन्स’ची वेगळी ओळ येते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या लेबल नियमांनुसार अ‍ॅलर्जी होऊ शकणारे आठ गट इथे जाहीर करावे लागतात: ग्लुटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचाचे जीव, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोयाबीन, आणि ठरावीक प्रमाणापुढचं सल्फाइट. मग ‘मे कंटेन’. म्हणजे घातलेलं नाही, पण त्याच यंत्रावर दुसरं काही होत असल्याने चुकून आलं असू शकतं. ‘इन्क्लूड्स’ या तिन्हीत कुठेच नाही, आणि का नाही ते आता सांगायला नको.

मसाला पाहुण्यांबरोबर अमेरिकेला जाणार असेल तर एक लक्षात ठेवा. तिथे १ जानेवारी २०२३पासून तीळ हा नववा अ‍ॅलर्जन धरला जातो, आपल्या आठांत तो नाही. गोड्या मसाल्यात तीळ असतातच.

ताईंच्या पाकिटाचं सांगायचं राहिलं. नवीन स्टिकरसाठी मी सगळे जिन्नस वजनाच्या क्रमाने विचारून घेतले आणि ‘इन्ग्रेडियंट्स’ करून पुरी यादी लिहिली. शेंगदाणे त्यात नव्हते. मग सहज विचारलं, “त्याच मिक्सरवर अजून काय दळता?”

“शेंगदाण्याची चटणी. रोज.”

मी ‘मे कंटेन पीनट्स’ ही ओळ घातली आणि तिचा अर्थ सांगितला. ताई थोडा वेळ गप्प बसल्या.

“म्हणजे असेलही, नसेलही, असं आम्ही गिऱ्हाइकाला सांगायचं?” त्या म्हणाल्या. “त्यापेक्षा मसाल्याला मिक्सरच वेगळा घेतो, दादा. ती ओळ खोडा.”

मिक्सर आला, मगच ओळ खोडली.